बोलता यावं, गाता येऊ नये

परवा सकाळी आंघोळीआधी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली, तर तेल आलंच नाही. आत सगळं पांढरं, मेणासारखं घट्ट. मुंबईत थंडी आल्याची वर्दी द्यायला एवढं पुरतं. आमच्याकडे थंडी म्हणजे काय, तर पंखा दोनवर येतो, वॉचमन कानाला मफलर गुंडाळतो, लालबागच्या बाजारात हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या आणि बोरं दिसायला लागतात, आणि पहाटे खिडकीच्या गजाला हात लागला की बोटं दचकतात. बस, इतकंच. महिना-दीड महिन्यात ती जाते आणि गेली हे कळतही नाही.

मी बाटली गरम पाण्याच्या भांड्यात उभी केली आणि तेल विरघळेपर्यंत तशीच थांबले. थंडी आली की मला एकच थंडी आठवते. गेल्याच्या आदल्या वर्षीची. त्या थंडीत माझा नवरा चालायला शिकला आणि माझी मुलगी पुन्हा धावायला. आता दोघंही ते करत नाहीत.

आम्ही मूळचे नायगावच्या बीडीडी चाळीतले. प्रकाश आणि मी एकाच चाळीत वाढलो, मी पहिल्या माळ्यावर, तो तिसऱ्या. त्यामुळे लग्न झाल्यावरही त्याला अहो-जाहो करायचं कधी जमलं नाही. चाळीचे गोडवे मला गायचे नाहीत. संडास व्हरांड्याच्या टोकाला, पावसाळ्यात जिना शेवाळलेला, एका खोलीत सात माणसं. पण एक होतं. तिथे कुणी व्यायाम करत नसे आणि कुणी एका जागी बसूनही नसे. पाणी भरायला उठायचं, वाळत घातलेलं काढायला गच्चीत जायचं, कुणाची तरी हाक आली म्हणून तीन माळे उतरायचं. प्रकाशचे वडील गिरणीत आयुष्यभर उभे राहिले आणि पाळी सुटल्यावर चालत घरी आले. शेवटपर्यंत काटकुळे आणि टणक होते. आमची मुलगी मैत्री दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत पहिलं पाऊल टाकायला शिकली, आणि त्यानंतर तिला चालताना फारसं कुणी पाहिलं नाही. ती धावायचीच. संध्याकाळी तिला घरात आणायला मला दोन हाका कमी पडायच्या.

मग पुनर्विकास आला. चाळ पाडायला घेतली आणि आम्हाला लालबागला, एका बंद गिरणीच्या जागेवर बांधलेल्या ट्रान्झिटच्या, म्हणजे नवी घरं होईपर्यंतच्या, इमारतीत अकराव्या मजल्यावर घर मिळालं. घरात नळ, घरात संडास, दाराशी लिफ्ट. पहिल्या दिवशी मी नळ उघडून नुसती बघत राहिले होते. खाली आवारात मात्र मोटरसायकलींच्या रांगा, पाण्याच्या टँकरची जागा आणि भिंतीवर लाल अक्षरांत पाटी, आवारात खेळण्यास सक्त मनाई आहे. मैत्री तेव्हा सहा वर्षांची होती. पहिले काही दिवस तिने व्हरांडा समजून लिफ्टच्या पुढ्यात धावून बघितलं. शेजारच्यांनी दार उघडून सांगितलं की आवाज होतो. मग ती घरात बसली. हातात मोबाईल आला. मुलगी शहाणी झाली, असं आम्हीही चार लोकांना सांगितलं.

प्रकाश एका कंपनीची बस चालवायचा. माणसं सकाळी उपनगरातून आणायची, संध्याकाळी पोचवायची, मधल्या वेळात बसमध्येच डबा खायचा आणि सीट मागे टाकून पडायचं. मी दादरला साड्यांच्या दुकानात आहे, दिवसभर काउंटरमागे उभी. तो दिवसभर बसलेला, मी दिवसभर उभी, मुलगी दिवसभर लोळलेली. तिघंही रात्री दमलेलो असायचो, आणि तिघंही दिवसभरात म्हणावं असं कुठे गेलेलो नसायचो.

त्या वर्षी, मैत्री दहा वर्षांची असताना, ऑक्टोबरच्या उकाड्यात, संध्याकाळची माणसं घेऊन जाताना त्याच्या छातीत कळ आली. त्याने बस कडेला घेतली, मागचे दिवे लुकलुकते ठेवले, हँडब्रेक ओढला, आणि मग स्टिअरिंगवर डोकं टेकलं. बसमधल्या माणसांनीच त्याला परळच्या हॉस्पिटलात पोचवलं. मी दुकानातून गेले तेव्हा तो आत होता. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग टाकली. वाचला.

घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या, मीठ समजावलं, आणि मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले की खरं औषध आता सांगतो. आधी घरातल्या घरात, मग हळूहळू बाहेर, आणि महिन्याभराने आठवड्यातले बहुतेक दिवस निदान अर्धा तास चालायचं. प्रकाशने विचारलं, किती जोरात. डॉक्टर म्हणाले, "चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. एवढा वेग धरा."

"आणि मुळात गाताच येत नसेल तर?" प्रकाशने विचारलं.

डॉक्टर हसले. मीही हसले. हॉस्पिटलात शिरल्यापासून पहिल्यांदा.

त्याच सुमारास मैत्रीच्या शाळेत तपासणी झाली होती. पालकांच्या सभेला मला बाजूला घेऊन शाळेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या की वजन वाढलंय, दोन जिने चढली की मुलीला धाप लागते. या वयाच्या मुलांनी रोज तासभर तरी घाम येईपर्यंत खेळायला हवं. त्यांनी ते चांगल्या मनाने सांगितलं. घरी येऊन मी मैत्रीला तसंच्या तसं सांगितलं. तिने टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, "कुठे?"

उत्तर पलंगावर पडलेल्या प्रकाशने दिलं. म्हणाला, डॉक्टरलोक लहान-मोठ्या सगळ्यांना एकच गोष्ट सांगतात, आपण दोघं एकत्रच पास होऊ. माझा अर्धा तास झाला की तुझा तास सुरू.

अशी ती थंडी सुरू झाली. सुरुवातीला दोघं नुसते फाटकापर्यंत जायचे आणि परत. मैत्री कुरकुरायची, तिला झोपेतून उठायचं नसायचं. मग हरभऱ्याच्या जुडीवालीपर्यंत, मग पुलापर्यंत. फुटपाथ नावालाच. कुठे खोदलेला, कुठे स्कूटर लावलेल्या, कुठे नव्या टॉवरचे पत्रे पुढे आलेले. बांधकामांची धूळ थंडीत वर जात नाही, खालीच लोंबकळत राहते. काही सकाळी समोरची इमारत दिसायची नाही आणि लोक त्याला धुकं म्हणायचे. अशा दिवशी बाहेर पडू नका, असंही डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. चालायला तर हवं आणि हवेत जायला नको. अशा दिवशी दोघं इमारतीच्या जिन्यापाशी घुटमळायचे, दोन मजले चढून यायचे आणि स्वयंपाकघरात येऊन मला सांगायचे की आज आम्ही डोंगर चढलो.

भोईवाड्याच्या बाजूला एक महापालिकेचं मैदान आहे. तिथवर पोचायला त्यांना दोनेक आठवडे लागले. मैदानाच्या एका कोपऱ्यात सुलभाताई नावाच्या बाई मुलींचा खो-खो घ्यायच्या. स्वतःची नोकरी सांभाळून, सकाळी, गळ्यात शिट्टी अडकवून. फी नव्हतीच. मैत्री कठड्याला टेकून बघत राहायची. आत जा म्हटलं असतं तर गेली नसती, हे प्रकाशला ठाऊक होतं. म्हणून तो मैदानाला फेऱ्या मारायचा आणि तिच्यासमोरून जाताना फक्त सांगायचा, ती निळ्या बनियनवाली बघ, खो मिळायच्या आधीच अर्धी उठलेली असते.

एका रविवारी त्याने मलाही ओढून नेलं. मी म्हटलं, मी दिवसभर उभीच असते, मला कशाला व्यायाम. तो म्हणाला, "उभं राहणं म्हणजे चालणं नाय गं. मी पण बसच्या सीटवर बसून स्वतःला फिरता माणूस समजायचो."

त्या दिवशी मैदानाबाहेर, सगळ्यांपासून जरा लांब, तो मैत्रीला खो-खोत कसं बसायचं ते दाखवायला लागला. एक पाय पुढे, दुसरा मागे, हातांची बोटं मातीला टेकलेली, नजर समोर. लहानपणी चाळीच्या पटांगणात तो खेळलेला होता. ऐटीत बसला आणि त्याला उठताच येईना. गुडघा अडकला. मैत्रीने आधी हात धरून ओढलं, मग काखेत हात घालून ओढलं, आणि मग दोघंही मातीत बसून हसत सुटले. तिकडून सुलभाताईंनी विचारलं, काय झालं. मैत्री पटकन उभी राहिली आणि म्हणाली, बाबाला खो मिळाला पण तो उठला नाही. त्या म्हणाल्या, मग तू उठ, त्याच्या जागी ये. आणि ती गेली. कपडे झटकायलासुद्धा थांबली नाही.

त्या थंडीतले रविवार मी अजून जपून वापरते. एकदम सगळे आठवत नाही. ती आत खेळत असायची आणि आम्ही दोघं कठड्याबाहेरून फेऱ्या मारायचो. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही बोललो नव्हतो असं नाही, पण ते बोलणं गॅस संपला, फी भरायची, उद्या डबा नको, एवढ्यावर यायचं. समोरासमोर बसून माणसं जे बोलत नाहीत ते शेजारी चालताना बोलतात. त्याने मला तेव्हाच सांगितलं की बसमध्ये कळ आली तेव्हा त्याला आधी मी किंवा मैत्री आठवलो नाही. आरशात मागे बसलेली माणसं दिसली, त्यातली एक बाई झोपली होती, आणि ही दचकून उठता कामा नये एवढंच त्याच्या डोक्यात आलं. सांगताना त्याला त्याचं वाईट वाटत होतं. मी म्हटलं, बरं झालं, आम्ही आठवलो असतो तर घाबरला असतास. मग आम्ही आणखी एक फेरी मारली.

एकदा तो मध्येच मोठ्याने गाणं म्हणायला लागला. एक ओळ, दुसऱ्या ओळीला दम लागला. दोन बायका वळून बघायला लागल्या. मी त्याला चूप केलं. तो धापा टाकत म्हणाला, "नाय जमत. म्हणजे बरोबर चाललोय."

जानेवारीत त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. पॅन्ट सैल झाली. तपासणीत डॉक्टरांनी शाबासकी दिली आणि तो शाळेतल्या मुलासारखा ती शाबासकी घरभर सांगत फिरला. कंपनीने त्याला बसवर न घेता डेपोत बसायचं काम दिलं. त्याचं त्याला दुःख होतं, पण तो म्हणायचा, सकाळ तर माझी आहे. मैत्रीचे पायही बदलले. आधी ती पाय आपटत चालायची, आता नुसता टेकवून उचलायची. सुलभाताईंनी तिला लहान मुलींच्या संघात घेतलं. तिची पहिली स्पर्धा त्याच मैदानात झाली. ती फार टिकली नाही, पण खुंटाला वळसा घालून एका मोठ्या मुलीला चुकवून निसटली, तेव्हा प्रकाशने माझा दंड इतका घट्ट धरला की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

फेब्रुवारीच्या शेवटी थंडी ओसरली. त्या दिवशी सकाळी मैदानातून परतताना मैत्रीने त्याला म्हटलं, "बाबा, मला पकडून दाखव." आणि ती पळाली. तो तिच्यामागे धावला. फार नाही, पानाच्या टपरीपासून आमच्या फाटकापर्यंत, आणि तेही तिने मुद्दाम हळू पळून पकडू दिलं म्हणून. दोघं हसत वर आले. मी पोळ्या लाटत होते. तो दाराशी बसून बुटाच्या नाड्या सोडत होता आणि मला काहीतरी सांगत होता, ते वाक्य मध्येच थांबलं. एवढंच. मी वळून बघितलं तेव्हा एक बूट काढलेला होता.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. प्रकाशच्या पुण्यानुमोदनाला चाळीतली जुनी माणसं लांबलांबच्या ट्रान्झिटमधून आली. भंतेजींचा आवाज, पांढऱ्या साड्या, आणि एकमेकांना धीर देताना लोक बोलतात ते बोलणं. काय सांगावं, एवढं फिरायला नको होतं. स्प्रिंग टाकलेल्या माणसाने धावायचं असतं का. निजून राहिला असता तर चार वर्षं काढली असती. त्यात वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण मैत्री भिंतीला टेकून बसली होती आणि ती सगळं ऐकत होती. तिला पाणी देताना मला ते दिसलं. मी पेला तिच्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला पाणी द्यायला वळले.

तिचे बूट तिने स्वतःच कपाटाच्या वर टाकले. मैदानात जाणं थांबलं. मला वाटलं, साहजिक आहे, होईल हळूहळू. सुलभाताई एकदा घरी येऊन गेल्या, तिच्याशी अभ्यासाचं बोलल्या, खेळाचा विषयही काढला नाही. शाळेत पीटीच्या तासाला ती पोट दुखतं सांगून बाकावर बसायची. लिफ्ट बंद असली तर खाली थांबून राहायची, पण जिना चढायची नाही. मला वाटत होतं की ती दुःखाने थिजली आहे.

ते तसं नव्हतं. पावसाळ्यानंतर एकदा आम्ही दोघी बसस्टॉपकडे चाललो होतो, बस सुटत होती, मी सहज धावले. मागून तिची किंकाळी ऐकू आली. मी थबकले. ती रस्त्यातच उभी होती. बस गेली. मी तिला जवळ घेतलं तेव्हा ती माझ्या ओढणीत तोंड खुपसून म्हणाली, "धावू नको. बाबाला मी धावायला लावलं."

इतके महिने ते तिच्या पोटात होतं.

मी तिला प्रकाशच्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी बाकीचे पेशंट थांबवून ठेवले. कागदावर हृदय काढलं, त्यातली बंद झालेली वाट काढली. सांगितलं की तसं झोपेतही होऊ शकलं असतं, चार पावलं धावल्याने असं होत नसतं. उलट चालल्यामुळे ते हृदय तेवढे दिवस चांगलं चाललं. मैत्रीने प्रत्येक वाक्याला मान हलवली. वर्गात न समजलेल्या गणिताला मुलं हलवतात तशी. निघताना त्यांनी तिला विचारलं, पुन्हा खेळशील ना. ती म्हणाली, हो. तिने तो कागद घडी करून त्यांच्याच टेबलावर ठेवला.

मला स्वतःला पटलं होतं का? डोक्याला पटलं होतं. पण कधी कधी पोळी लाटताना हात थांबतो, आणि त्या दिवशी तो निघताना मी दारातून अरे हळू म्हटलं असतं तर, असं वाटून जातं. मोठ्या बाईला जर असं वाटतं, तर मुलीला कोणत्या तोंडाने सांगायचं की असं वाटून घेऊ नको.

मधली थंडी आम्ही घरातच काढली. तेल गोठलं असेल, माझं लक्ष नव्हतं.

यंदा दिवाळीनंतर दुकानात मला भोवळ आली. रक्तदाब निघाला. दवाखान्यातल्या बाईंनी गोळी लिहून दिली आणि म्हणाल्या की रोज अर्धा तास चाला. मैत्री शेजारी बसली होती, आता बारा वर्षांची झालेली, माझ्या खांद्याला आलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चप्पल घालत होते, तर ती तयार होऊन दाराशी उभी. जुने बूट तिला आता होत नाहीत, शाळेचे काळे घातले होते. मला एवढं बरं वाटलं. ते चुकीचं होतं. ती चालायला आली नव्हती, माझ्यावर पहारा द्यायला आली होती.

तेव्हापासून आम्ही रोज जातो. ती माझं मनगट धरते. हात नाही, मनगट. नाडी लागते तिथे. मी जरा लांब पाऊल टाकलं की पकड घट्ट होते. आई, हळू. चढ आला की आई, थांब. आम्ही इतक्या हळू चालतो की कुणालाही गाण्याची सगळी कडवी म्हणता यावीत. म्हातारी माणसं आम्हाला मागे टाकून पुढे जातात. या चालण्याचा माझ्या रक्तदाबाला काही उपयोग नाही, हे मला कळतं. पण सकाळच्या त्या अर्ध्या तासात माझी मुलगी मला जिवंत ठेवत असते, तिला कसं सांगू की वेग वाढव. मैदानावरून जाताना आतून शिट्टी ऐकू येते. सुलभाताई हात करतात. मी हात करते. मैत्री दुसरीकडे बघते.

आज सकाळी परळच्या सिग्नलला आम्ही रस्ता ओलांडायला निघालो. आमच्या चालीने अर्ध्यावर पोचलो तोवर गाड्या सुटल्या. एक टेम्पो हॉर्न वाजवत अंगावरच आला. विचार करायला वेळ नव्हता. मी धावले, आणि तिने माझं मनगट सोडलं नव्हतं म्हणून तीही धावली. दोघी समोरच्या फुटपाथवर जाऊन दुकानाच्या बंद शटरला आदळलो.

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने तळहात माझ्या छातीवर दाबून धरला आणि डोळे मिटून मोजल्यासारखं करत उभी राहिली. फुलांच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका आम्हाला वळसा घालून जात होत्या. मी हललेही नाही. बऱ्याच वेळाने तिने दुसरा हात स्वतःच्या छातीवर ठेवला. डोळे उघडले.

"माझं पण जोरात होतंय," ती म्हणाली.

"होऊ दे," मी म्हटलं.

दोन्ही हात तसेच ठेवून ती उभी राहिली, आणि मीही, दोन्हीकडचं शांत होईपर्यंत.